विंडोज १० वरच थांबणारे सगळे बेफिकीर असतात काय? (‘भंगारात घाला’ या सल्ल्याला उत्तर)

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

परवा येथे कोणीतरी विचारले होते की घरातला जुना संगणक विंडोज ११ घेत नाही, तर काय करावे. त्यावर उद्यमनगरी यांनी दोन वाक्यांत निकाल दिला : “विंडोज १० वर अजून बसलेला माणूस म्हणजे दाराला कडी न लावता गावाला गेलेला माणूस. संगणक भंगारात घाला आणि नवा घ्या.” तेथे उत्तर द्यायला गेलो तर ते फार लांबले, म्हणून हा वेगळा धागा.

माझा संगणक २०१७ मध्ये जुळवून घेतलेला आहे. आय-५ ७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि नंतर बसवलेली एसएसडी, त्यामुळे आजही तो अर्ध्या मिनिटात सुरू होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत कमरेइतके पाणी असताना मी त्याचा कॅबिनेट डोक्यावर घेऊन समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोहोचवला होता. मॉनिटर आणि शिवणयंत्र खाली राहिले ते गेलेच. तेव्हा वस्तू भंगारात कधी घालायची हे मला कोणी शिकवू नये.

आता मुद्द्याचे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागते, ते माझ्या मदरबोर्डात आहे. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होते, मी चालू केले. सुरू होताना खात्रीचीच प्रणाली चालू देणारे सिक्युअर बूटही चालू आहे. मायक्रोसॉफ्टच्या तपासणीच्या ॲपमध्ये या दोन्हींपुढे हिरवी खूण येते आणि लाल फुली येते ती फक्त प्रोसेसरपुढे, कारण इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते आणि माझा सातव्या पिढीतला आहे. म्हणजे यंत्र काम करू शकत नाही असे नाही, यादीत त्याचे नाव नाही एवढेच. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला असला तरी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतने मिळतात, हे ‘कडी न लावता’ म्हणणाऱ्यांना ठाऊक नसावे. कायम १० वरच राहणार असे मी म्हणत नाही. पुढचे वर्ष विचार करायला आहे, आणि तो विचार दुसऱ्याच्या पैशांनी करण्याची घाई कोणी करू नये.

उद्यमनगरी

माझे वाक्य तिखट होते, हे मान्य. अर्थ मात्र मागे घेत नाही.

मी आठ-दहा वर्कशॉपचे हिशेब आणि संगणक सांभाळतो. त्यांपैकी एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, स्टोअरमध्ये ‘चालतोय ना, मग राहू द्या’ म्हणून विंडोज ७ चा एक संगणक वर्षानुवर्षे जोडलेला होता. सोमवारी सकाळी उघडून पाहिले तर पॅटर्नची सगळी ड्रॉइंग कुलूपबंद, प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता म्हणाल, तर तोही त्याच संगणकाला कायम खोचून ठेवलेल्या डिस्कवर होता; तीही गेली. मालकांनी तीन आठवडे जुने कागदी नकाशे शोधण्यात घालवले आणि मी तीन आठवडे त्यांच्या शिव्या खाल्ल्या. मे २०१७ चे वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे ते जगभर पसरलेले प्रकरण, आठवत असेल तर मी काय म्हणतो ते कळेल.

आणि एक जुने दुखणे बोलून घेतो. दर दोन वर्षांनी चाळीस हजारांचा मोबाइल घेणारी माणसेच संगणकाच्या खर्चाचा विषय निघाला की महापुराच्या आठवणी काढतात.

शाहूपुरीकर

माझा मोबाइल २०२० चा आहे, त्यामुळे तो टोला वाया गेला.

वॉनाक्रायचे उदाहरण तुम्ही काढलेत हे बरे झाले, कारण ते तुमच्याच विरुद्ध जाते. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिलेला होता. आणि त्यात सापडलेल्या संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते, ज्याचा आधार तेव्हा चालू होता आणि पुढे जानेवारी २०२० पर्यंत चालू राहिला. मार खाल्ला तो अद्यतने न घेणाऱ्यांनी. आवृत्तीचा आकडा वाढवला नाही म्हणून नव्हे. तुमच्या फाउंड्रीतला संगणक तर आधार संपल्यावरही जाळ्यात जोडलेला होता. त्याची आणि नियमित अद्यतने घेणाऱ्या विंडोज १० ची एकच मोजदाद करणे म्हणजे तिकीट काढलेल्याला आणि फुकट्याला एकाच बाकावर बसवून दंड ठोठावणे आहे.

पेंग्विन

दोघेही ज्या दुकानाच्या पायरीवर भांडत आहात त्या दुकानात जाण्याचीच गरज नाही, हे कोणी सांगितले नाही म्हणून सांगतो. आय-५ ७४०० वर विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली लिनक्स मिंट २२ आनंदाने चालेल, तिला २०२९ पर्यंत आधार आहे, मायक्रोसॉफ्टचे खाते लागत नाही आणि यादीही नाही.

उद्यमनगरी

आलात का? मी घड्याळ लावूनच बसलो होतो. त्यावर हिशेबाचे टॅली थेट चालत नाही. विषय संपला.

जुळारी

आपण सर्व जण घरच्या संगणकाबद्दल बोलत आहात, माझा छपाईचा लहानसा व्यवसाय घरातूनच चालतो, म्हणून माझी अडचण मांडतो. तिचा विचार या चर्चांत कधीच होत नाही.

माझ्याकडे लग्नपत्रिका, अहवाल आणि वास्तुशांतीची निमंत्रणे यांच्या पंचवीस वर्षांच्या फाइली आहेत. त्या पाने जुळवण्याच्या पेजमेकर ७ मध्ये आहेत आणि युनिकोड (सगळ्या संगणकांवर एकच अक्षरसंकेत) येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्टसंच रीतसर पैसे मोजून घेतलेला आहे आणि त्याचे हार्डवेअर लॉक (ते जोडले तरच फॉन्ट चालतात) संगणकाच्या मागे जुन्या प्रिंटरच्या एलपीटी पोर्टला लागते. लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजशी जोडणारा प्रोग्राम, ३२ बिटचा आहे. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती निघत होती, म्हणून माझे काम चालले. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे, त्यात ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. म्हणजे ११ घेतले की लॉक मुके, लॉक मुके की फॉन्ट नाहीत, आणि फॉन्ट नाहीत की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चित्रविचित्र खुणांचा चिवडा. नवा संगणक घेऊन हा प्रश्न सुटत नाही, उलट तेथूनच सुरू होतो.

फळा-खडू

मी निवृत्त शिक्षिका आहे, संगणकातले मला बेताचे कळते. पण मराठीसाठी युनिकोड येऊन इतकी वर्षे झाल्यावरही आपण जुन्या फाइलींना कवटाळून बसणार असाल तर दोष विंडोजचा कसा? रूपांतर करणारी साधने मिळतात. एकदाच बसून सगळे बदलून घ्यावे आणि मोकळे व्हावे.

जुळारी

बाई, आपण ‘एकदाच बसून’ म्हणालात, तो अनुभव घेऊन झाला आहे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका साधनातून एका पत्रिकेचा जुना नमुना युनिकोडमध्ये नेला. मुलीकडचे गाव कऱ्हाड. जुन्या फॉन्टमध्ये ‘ऱ्ह’चा तो अर्धा र वेगळ्या कळीवर असतो, आणि साधनाने त्याला साधा अर्धा र समजून ‘ह’च्या डोक्यावर रफार चढवला. पत्रिकेवर छापले गेले ‘कर्हाड’. पडद्यावर बारीक अक्षरात माझ्या नजरेतून सुटले, तीनशे पत्रिका छापून झाल्या, आणि मुलीच्या मामांनी पाकीट उघडून पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. फेरछपाई माझ्या खिशातून झाली.

पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्येही तेच. त्यात आपली लिपी नीट जुळवणारे वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचे राहिले की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर बसते, आणि ‘विवाह’ वाचताना पाहुण्यांना घाम फुटतो.

फळा-खडू

‘कराड’ लिहिले असते तर वाचला असतात.

तरीही आपला अनुभव युनिकोडविरुद्ध जात नाही, तो प्रूफ न वाचण्याविरुद्ध जातो. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट आणि जे दाबले की हा वेगळा ‘ऱ’ मिळतो, मग हलन्त, मग ह. शाळेतल्या सातवीच्या मुलींनी तो एका तासात आत्मसात केला होता. मला खरा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सांगितलेला असताना विंडोजचे मंगल आणि निर्मला हे फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात, आणि मुले तेच गिरवतात. ११ येवो की १२, याची दाद कोण घेणार?

जुळारी

सातवीच्या मुलींना जमले म्हणता, पण बोटांत तीस वर्षे रेमिंग्टन या जुन्या टंकयंत्राची मांडणी बसलेल्या माणसाला ते जमावे ही अपेक्षा करणाऱ्याने स्वतः नियतकालिकाचा एक अंक टंकून पाहावा. शिवाय हाच ‘ऱ्ह’ दोन प्रकारांनी टंकला जातो. एकात आपला वेगळा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘कऱ्हाड’ शोधायला गेलो तर निम्मी कऱ्हाडे सापडतच नाहीत. याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणा.

उद्यमनगरी

धागा घरच्या विंडोजचा होता, आता वर्णमालेचा झाला आहे. २००१ चे पेजमेकर आणि एलपीटीचे लॉक यांच्यासाठी जगाने थांबावे अशी जुळारी यांची इच्छा दिसते. आणि खरे बोलायचे तर या व्यवसायात किती जणांकडे फॉन्ट रीतसर घेतलेले असतात हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

जुळारी

आपण हे वाक्य मागे घ्यावे. माझ्याकडे पावती आहे, लॉक आहे आणि खोका सुद्धा आहे. आपल्याला पाहायचा असेल तर घरी यावे, चहा देऊन दाखवीन. पंचवीस वर्षांत मी एक फॉन्ट चोरून वापरला नाही, आणि ज्याने कधी माझ्या दारात पाऊल ठेवले नाही त्याने मला चोरांच्या रांगेत बसवू नये.

उद्यमनगरी

आपल्याविषयी म्हणालो नव्हतो, पण वाक्य तसे वाचले जाते हे खरे. मागे घेतो.

फळा-खडू

आता भांडण थांबले असेल तर मी माझा अनुभव सांगते, तो थेट विषयाचा आहे. माझ्या लॅपटॉपवर पुण्याच्या भाच्याने गेल्या वर्षी विंडोज ११ नव्याने टाकून दिले. तो बदल फुकट होता आणि सगळे उत्तम चालले होते. पुढे मी येथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात कीबोर्ड बदलायला दिला, त्यांनी काम करताना बायोसमध्ये काहीतरी बदलले आणि लॅपटॉप परत आला तो निळा पडदा घेऊन. त्यावर ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे डिस्कचे कुलूप उघडायची किल्ली, मागितली होती. दुकानदार म्हणाला, “डिस्क पुसावी लागेल.” भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, काही पुसू देऊ नकोस, की तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल.” खाते नातवाच्या फोनवर उघडले, की सापडली आणि मी ते अंक दुधाच्या हिशेबाच्या वहीत सहा-सहांच्या आठ गटांत उतरवून घेतले. लॅपटॉप उघडला. विंडोज ११ वर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते ही गोष्ट बदल करून देणाऱ्यांपैकी किती जण सांगतात? भाच्यानेही सांगितली नव्हती. ज्यांना खात्याचा पासवर्ड आठवत नाही त्यांनी आधी तो शोधावा, मग आवृत्ती बदलावी.

शाहूपुरीकर

बाईंचा अनुभव वाचून रात्री माझी दुसरी डिस्क काढली आणि सगळे फोटो उतरवून ती कपाटात ठेवली. उद्यमनगरी यांच्या फाउंड्रीची ती खोचून ठेवलेली डिस्कही डोक्यात होती, हे नाइलाजाने कबूल करतो.

आणखी एक कबुली. वाढीव अद्यतने मिळतातच असे मी वर ठसक्यात लिहिले, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि ती मी केलेलीच नव्हती. म्हणजे ऑक्टोबरपासून मी खरोखर कडी न लावताच बसलो होतो. आज सेटिंगमध्ये अद्यतनांच्या पानावर जाऊन केली. ३० डॉलर भरणे किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट देणे हे पर्याय होते; मी तिसरा घेतला, सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात चालू केला, त्याला पैसे लागले नाहीत. १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असावी लागते.

उद्यमनगरी

हेच पहिल्या दिवशी केले असते तर एवढे लिहावे लागले नसते. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर काय?

शाहूपुरीकर

मुलीचे शेवटचे वर्ष मे महिन्यात संपते. त्यानंतर पेंग्विन यांना घरी बोलावीन. टॅली माझ्याकडे नाही.

पेंग्विन

तारीख कळवा. पेनड्राइव्ह मी आणतो. आधी डिस्कला हात न लावता त्यावरूनच चालवून पाहू, तुमच्या घरचा प्रिंटर चालला तरच पुढे जाऊ.

जुळारी

माझ्या मदरबोर्डाचे कपॅसिटर फुगले आहेत, तो फार दिवस चालणार नाही. एलपीटी पोर्ट असलेला बोर्ड कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. जाळ्याला जोडणार नाही, फाइली पेनड्राइव्हवरून नेईन.

उद्यमनगरी

फाउंड्रीच्या स्टोअरमधला तो संगणक डिस्क काढून घेऊन तसाच पडून आहे. मागे एलपीटी पोर्ट आहे, मी आत्ताच माणसाला पाहायला सांगितले. मालक भंगारात घालणार होते. न्यायचा असेल तर शनिवारी दुपारी या, मात्र नेटवर्कची वायर मी देणार नाही.

जुळारी

शनिवारी येतो. वायर आपल्याकडेच असू द्यावी. पावती आणि खोका सोबत आणतो.