सासवडच्या आसपास फोटो कुठे काढावेत? अनुभव लिहा

कऱ्हाकाठ:
काल दिवे घाटातला वारीचा एक जुना फोटो दिसला आणि सगळं सासवड डोळ्यांपुढे आलं. पुण्याहून लोक येतात, घाटात एक फोटो काढतात आणि परत फिरतात. इथला उजेड ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

संगमेश्वराचं देऊळ, कऱ्हा आणि चांबळी नद्यांच्या संगमावर. पावसाळा सरला की पाणी संथ होतं, तेव्हा देवळाचं प्रतिबिंब मिळतं. वारा सुटायच्या आत, म्हणजे सकाळीच. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) पूर्ण फिरवू नका, प्रतिबिंबच पुसलं जातं. खालचा दगड काळा आहे. ऑटोवर कॅमेरा तो उजळ करायला जातो आणि आभाळ पांढरंफटक पडतं. एक्स्पोजर उणे ०.७ ठेवा, म्हणजे फोटो थोडा गडद येतो.

मावळवारा:
देवळाच्या दीपमाळा वाइड लेन्सने काढताना कॅमेरा वर वाकवला की त्या मागे कलतात. कॅमेरा सरळ धरा, खाली जास्तीची फरशी येऊ द्या, नंतर कापा.

घाटवाट:
दिवे घाटात वारीसाठी वरच्या वळणावर दुपारनंतर थांबा. ऊन पश्चिमेकडून येतं, पताका उजळतात. ७०-२०० ची झूम लेन्स पुरते, वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात. वारी नसेल तेव्हा वळणावर गाडी लावू नका, मागून ट्रक येतात. वरून मस्तानी तलाव दिसतो, पण मार्चनंतर नुसता तळ दिसण्याची शक्यता जास्त. उपग्रह नकाशातलं पाणी बघून निघू नका, ते चित्र कुठल्या महिन्याचं आहे ते आधी पाहा.

शेवंती_७:
जेजुरीचं कोणी लिहीत का नाही? भंडारा उधळतात तेव्हा कॅमेऱ्याचं काय करता?

मावळवारा:
@शेवंती_७ लेन्स घरूनच लावून न्या, तिथे बदलू नका. झूम मागेपुढे केलं की लेन्स हवा ओढते आणि हवेबरोबर हळदही आत जाते. ३५ किंवा ५० ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स बरी. बाहेरून पिशवी, पुढे साधा फिल्टर. परतल्यावर आधी ब्लोअरने फुंकर, मग मऊ ब्रश. ओलं कापड शेवटी. आधी लावलंत तर हळदीचा लगदा होतो आणि झूमच्या रबराच्या खाचांत पिवळा बसतो, तो निघत नाही. शटर १/१००० सेकंद आणि सूर्य समोर ठेवा, भंडारा पेटल्यासारखा दिसतो.

शेवंती_७:
खूप आभार दादा. जेवण झालं की पिशवी शिवायला घेते.

नभांगण:
रात्रीचं कोणीच लिहिलं नाही! सासवडहून पुरंदर किल्ला नैर्ऋत्येला येतो. ऑक्टोबरात अमावास्येच्या आसपास, अंधार पडल्या पडल्या, आकाशगंगेचा गाभा त्याच दिशेला कलतो. पुण्याचा झगमगाट वायव्येला, म्हणजे उजव्या हाताला राहतो. कॅमेऱ्याचं सेटिंग: १४ मिमी लेन्स, एफ २.८, २० सेकंद, आयएसओ ३२००. फोकस हातानेच: स्क्रीनवर एक ठळक तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा, मग रिंगेवर चिकटपट्टी. दव पडतं, दर पंधरा मिनिटांनी लेन्सवर टॉर्च मारून बघा.

घाटवाट:
किल्ल्यावरून सूर्यास्त मिळेल या आशेने जाऊ नका. लष्कराच्या ताब्यातला भाग, ओळखपत्र लागतं, संध्याकाळच्या आत खाली यावं लागतं. कशाचा फोटो चालेल ते गेटवरच विचारा. सप्टेंबरात उतारांवर सोनकीची पिवळी फुलं फुलतात, ती पायथ्याहूनही छान येतात.

पिंपळपान:
भुलेश्वराचं देऊळ राहिलंच की. आत काळोख. फ्लॅशने कोरीवकाम सपाट होतं. टॉर्च एका बाजूने, भिंतीला जवळजवळ घासून धरा, बोटं आणि दागिने वर उठून येतात. ट्रायपॉडचं आधी विचारून घ्या. आणि स्त्रीरूपातला गणपती चुकवू नका.

कऱ्हाकाठ:
@पिंपळपान ताई, टॉर्च पिवळा की पांढरा?

पिंपळपान:
कुठलाही, पण एकच. दारातला उजेड आणि टॉर्च मिसळले की दगड अर्धा निळा, अर्धा केशरी दिसतो.

शेवंती_७:
विषय सोडून विचारते, अंजिरं कधी मिळतील?

घाटवाट:
अंजिराचे दोन हंगाम: मीठा बहार मार्च ते मे. खट्टा बहार हिवाळ्यात. मीठ्याचीच घ्या, गोडी त्यातच.