डी अँड डी: लढाईतच रात्र सरते, पात्रांनी बोलायचं कधी?

डार्कव्हिजन६०
नमस्कार मंडळी. गेले आठ महिने दर शनिवारी आमच्याकडे पाच जणांचा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत आपापल्या पात्राची भूमिका करायचा गोष्टीचा खेळ) चालतो. पाचवी आवृत्ती, डीएम (डंजन मास्टर, गोष्ट आणि शत्रू सांभाळणारी भूमिका) मी, पात्रं ६व्या लेव्हलला. चार तासांच्या सेशनमधले अडीच तास एकाच लढाईत जातात. खेळातला राउंड ६ सेकंदांचा, आमचा वीस मिनिटांचा. दोघांना लढाई मनापासून आवडते, त्यांचा आनंद मला हिरावायचा नाही. पण परवा निघताना बार्ड (गायक-कवी पात्र) खेळणारी मैत्रीण म्हणाली, "आज माझ्या पात्राच्या तोंडी एक वाक्यही आलं नाही." ते फार लागलं. लढाया कमी करू का?

फासेवाली
नुसत्या कमी करू नकोस, त्यात गोम आहे. २०१४ च्या डीएम गाइडने खेळातल्या एका दिवसात ६ ते ८ सामने धरलेत. एकच ठेवलास की विझार्ड (जादूगार) सगळे मोठे स्पेल (मंत्र) त्यातच ओततो आणि फायटर (योद्धा) बघत बसतो. मी खेळातला एक दिवस दोन-तीन शनिवार पुरवते. दर वेळी एकच लढाई, पण मधे लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, जिच्यात खर्चलेले स्पेल परत मिळतात) नाही. तासाभराची शॉर्ट रेस्ट मात्र खुशाल दे. शेकोटीभोवतीच्या गप्पा तिथेच रंगतात.
आणि हल्ल्याचा व डॅमेजचा (इजेचा) फासा एकदम टाकायला सांग. बराच वेळ वाचतो.

जुनीवही
माझा प्रश्न वेगळा आहे. तुझे शत्रू मरेपर्यंत लढतात का? बहुतेक तिथेच पाणी मुरतंय.
हा खेळ १९७४ साली वॉरगेममधून निघाला, तरी जुन्या बेसिक नियमांत कोणी समोर आलं की लगेच तलवार उपसायची नसे. सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्याची प्रतिक्रिया ठरे. २ आले तर हल्ला, १२ आले तर मैत्री, मधे संशय, अनिश्चितता. शिवाय मोराल (शत्रूची लढायची हिंमत, आकड्यात) होतं. टोळीतला पहिला गडी पडला, किंवा निम्मी टोळी गारद झाली, की पुन्हा दोन फासे. बेरीज मोरालच्या आकड्याच्या वर गेली तर ते पळणार नाहीतर शरण येणार. एक्सपीसुद्धा (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मुख्यतः खजिन्याचे, सोन्याच्या एका नाण्याला एक. राक्षस मारून त्यामानाने थोडेच मिळत. त्यामुळे बोलून, चकवून काम साधणं शहाणपणाचं ठरे.
आमच्या टेबलावर शरण आलेला एक गॉब्लिन दोन वर्षं पार्टीचा (आमच्या पात्रांच्या गटाचा) स्वयंपाक करतोय. त्याच्या टोळीत काय शिजत होतं ते आम्हाला त्याच्याकडूनच कळलं.

डार्कव्हिजन६०
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, माझे सगळे लुटारू शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत (जीव मोजायच्या गुणापर्यंत) लढतात. पण फायटर खेळणारा मित्र मुळात अबोल. पात्र म्हणून बोल म्हटलं की अवघडतो.

ढालकरी
मीही तसाच खेळाडू आहे, म्हणून लिहितो. "माझा फायटर सरदाराला त्याच्या भावाची आठवण करून देतो," एवढं सांगितलं तरी ती भूमिकाच झाली. तेवढ्यावर फासा टाकू दे. मुद्दा चांगला असेल तर अॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) दे.
दुसरं, जवळच्या शस्त्राने शत्रूला शून्यावर आणलं की मारायचं की नुसतं बेशुद्ध करायचं, हे हल्ला करणाराच ठरवतो. नियमातच आहे. दर वेळी थांबून विचार, "ह्याला जिवंत ठेवतोस?" माझं पात्र कोण आहे हे मला त्या उत्तरांतून उमगत गेलं.

डार्कव्हिजन६०
काल करून पाहिलं. नऊ लुटारू होते. पहिला पडला तेव्हा टिकले, पाचवा पडल्यावर मोराल फसलं आणि उरलेल्या चौघांनी हत्यारं टाकली. लढाई पन्नास मिनिटांत आटोपली. बार्ड त्यांच्या म्होरक्याशी अर्धा तास बोलत होती, मधे कोणी फोनही पाहिला नाही. पाचव्याला फायटरने पाडलं होतं. मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जिवंत. त्याला बांधा, मला त्याच्याशी बोलायचंय."
आता पार्टीकडे पाच कैदी आहेत आणि शिधा दोन दिवसांचा. जवळचं गाव तीन दिवसांवर. जुनीवही, असे कैदी तुम्ही कसे सांभाळता?