तोल आणि झिम्मा

एकांनी विचारलंय की रोज तासभर चालणं होतं, मग उतारवयात पडू नये म्हणून तोलाचा वेगळा व्यायाम कशाला? चालणं उत्तमच, पण त्यात शरीर सरळ पुढे जातं. घरात तोल जातो तो वळताना, बाजूला पाय टाकताना, नाहीतर ओल्या फरशीवरही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत, चालण्याव्यतिरिक्त.

मला विचाराल तर त्यासाठी नाच उत्तम. मंगळागौरीचे खेळच बघा ना: झिम्म्यात भार सतत एका पायावरून दुसऱ्यावर, शिवाय टाळीची वेळ सांभाळायची. पिंग्यात कंबर आणि गुडघे वाकतात. फुगडी मात्र साठीनंतर नव्याने सुरू करू नका. हात सुटला तर दोघीही आपटतात, आणि मानेचा किंवा चक्करेचा त्रास असेल तर नकोच.

नाच जमत नसेल त्यांनी ओट्याला एक हात टेकवून एका पायावर उभं राहावं, दूध तापेपर्यंत. जमलं की फक्त बोटं टेकवा, मग तीही सोडा. डोळे मिटून करायचं तर शेजारी कुणीतरी हवं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर अजिबात नको.

पुरुषमंडळींनो, लेझीम कुणी अजून खेळतं का? अर्धं बसून उठण्याची ती पावलं मांड्यांना चांगलीच कामाला लावतात.