गाडी तापली, इंजिन बसलं: तुमचे अनुभव लिहा

खारीबिस्कीट
काल संध्याकाळी पार्किंगमध्ये पिशव्या उतरवत होते, तर एकदम गुळचट वास आला. पाक करपायच्या जरा आधी येतो ना, तसा. शेजाऱ्यांच्या गाडीखाली कूलंटचं (इंजिन गार ठेवणारं पाणी) हिरवं थारोळं. त्यांना बेल मारून खाली बोलावलं, पण त्या वासाने मी थेट कुंभार्ली घाटात जाऊन पोचले. मे २०१३.

गुहागरहून कराडला निघालो होतो. सेकंडहँड पेट्रोल गाडी, घेऊन चार महिने झालेले. मी चालवत होते, हे शेजारच्या सीटवर, सासू-सासरे मागे, त्यांच्या पायाशी फणस. एसी फुल. पोफळी सोडली, चढ लागला आणि टेम्परेचरचा काटा मधून उठला. सासरे म्हणाले, "सूनबाई, बाजूला घे." हे म्हणाले, "घाटात कुठे थांबतेस? हेळवाकला चहा घेऊ तेव्हा बघू." काटा लाल पट्टीला टेकला. मी एसी बंद केला. आणि दोन वळणांनंतर काटा चक्क खाली आला! पार तळाला. "बघ, झाली गार," इति हे. मीही खूश. सासरे तेवढे गप्प.

गार कसली होतेय. खालचा होज पाइप फुटून सगळं पाणी रस्त्यावर गेलं होतं. सेन्सरच्या टोकाला पाणीच नाही, तर तो बिचारा सांगणार काय? हे ज्ञान नंतर मेकॅनिककडून मिळालं. तोवर आम्ही अजून दोन-तीन किलोमीटर चढवली होती. टणटण आवाज आला, गाडीने दम सोडला आणि बंद. अर्ध्या तासाने बिसलेरीच्या बाटल्या ओतून परत स्टार्टर मारला, ती शेवटची चूक.

टेम्पोला बांधून कराड. मेकॅनिकने ऑइलची पट्टी काढून माझ्यासमोर धरली, तर टोकाला थंड झालेल्या चहावरची साय. "ताई, ऑइलात पाणी उतरलंय. हेड, म्हंजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलायला लागंल." दुसऱ्या दिवशी त्याने हेड उलटं ठेवलं, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मागून विजेरी मारली. मधोमध उजेडाची रेघ दिसली, केसाएवढी. त्या रेघेचे ३१ हजार.

तुमचं काय काय झालंय ते लिहा. शिव्या मला नकोत, ह्यांना द्या.

रिकामा_डबा
काटा खाली आल्यावर खूश होणाऱ्यांच्या संघात मी पण. कसारा घाट, २०१६. फरक एवढाच की मला "थांब" म्हणणारं मागे कोणी नव्हतं.

ऊसकरी
आमचा ट्रॅक्टर. हरभऱ्याची मळणी चालू होती, रेडिएटरच्या जाळीला भुसा बसून पार गादी झालेली. पोरगं म्हणालं, वाफ येतीय. मी म्हणलं एवढा ढीग काढू. मग कॅनॉलची घागर आणून तसंच गरम इंजिनात गार पाणी ओतलं. असा आवाज आला, फोडणी दिल्यागत. ब्लॉकला चीर. तेव्हापासून जाळी रोज संध्याकाळी झटकतो, जेवण नंतर.

लेथवरचा
धाग्यावर यावंच लागलं. हेड फेसिंगचंच, म्हणजे वाकलेलं हेड मशीनवर घासून सपाट करायचं काम करतो, पंचवीस वर्षं झाली.

ती उजेडाची रेघ म्हणजे हेड वाकलंय. हेड ॲल्युमिनियमचं, खाली ब्लॉक बऱ्याच गाड्यांत बिडाचा. तापलं की ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टांनी आवळलेलं, फुगायला जागा नाही, मग वाकतं आणि गॅस्केट, म्हणजे दोन्हींच्या मधला पातळ थर, जातं. पट्टीखाली ०.०५ मिमीची फिलर पाती सरकली तरी बऱ्याच कंपन्यांच्या हिशोबाने ते हेड नापास. म्हणजे कागदसुद्धा जाडच.

आता तीन गोष्टी, कारण लोक तिथेच फसतात. फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. हेडला चीर असेल तर घासून काय उपयोग, पैसे पाण्यात. मशीनवर "जरा जास्तच घ्या" सांगू नका, हेड बारीक झालं की कॉम्प्रेशन वाढतं, गाडी नॉक करते, म्हणजे इंजिन ठकठक वाजतं. आणि बोल्ट मधून बाहेर, क्रमाने, टॉर्क पान्यानेच. हाताच्या अंदाजाने आवळलेली हेडं दोन महिन्यांत माझ्याकडे परत येतात. मला काय, धंदाच आहे.

चहाबाज
@खारीबिस्कीट ऑइलची उपमा चहाला देऊन आमच्या दैवताचा अपमान केल्याबद्दल निषेध.

माहेरवाशीण
पोफळी, हेळवाक, पाटण... वाचूनच घर आठवलं. माझं माहेर मल्हारपेठ. आमच्याकडे गाडी नव्हती, पण लाल डब्याची गंमत सांगते. लहानपणी चिपळूणची एसटी पकडली की मी बोनेटवर बसायचे, ड्रायव्हरकाकांच्या शेजारी. त्यावर गोणपाट घातलेलं असायचं तरी खालून चटके. घाटात कुठेतरी गाडी उभी करून कंडक्टरकाका डबा घेऊन झऱ्यावर जायचे. पण ड्रायव्हरकाका लगेच झाकण उघडायचे नाहीत. बिडी संपेपर्यंत वाट बघायची, मग फडकं धरून जरासं पिळायचं, फुस्स करून वाफ जाऊ द्यायची, मग पाणी. आणि इंजिन चालूच. विषयाला धरून आहे का माहीत नाही, पण लिहावंसं वाटलं.

ऊसकरी
@माहेरवाशीण धरूनच हाय. त्या ड्रायव्हरला ठावं होतं ते मला ठावं नव्हतं.

खारीबिस्कीट
@माहेरवाशीण अगं मल्हारपेठेत माझी मावससासू! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

दोन_स्ट्रोक
पाणी-बिणी लाडाची कामं. आमची चेतक, ८९ सालची. लग्नानंतर पहिल्यांदा हिला घेऊन गावी, कशेडी घाट. पंपावर घाईत पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल न टाकता नुसतंच पेट्रोल भरलं. वर चढताना खर्रर्र आणि मागचं चाक जागीच जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो. पिस्टन सीझ, म्हणजे आत अडकून बसला. तासभर दगडावर बसलो, गार झाल्यावर किक हलली, हळूहळू पोलादपूर गाठलं. पुढे बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकला. बायको अजून म्हणते, तेव्हाच परत जायला हवं होतं. गाडीबद्दल म्हणते की कसं ते विचारलं नाही.

रिकामा_डबा
😂😂 विचारूही नका.

नवशिक्या_०७
अर्जंट आहे. परवा खंबाटकीत काटा लालला गेला, मी लगेच बंद करून पाऊण तास थांबलो. कूलंटची टाकी रिकामी होती, गार झाल्यावर पाणी भरलं, पुण्याला आलो. आता नॉर्मल चालते. इंजिन गेलं का? झोप लागत नाहीये.

लेथवरचा
लगेच बंद केलीत, निम्मी लढाई जिंकलात. सकाळी गार असताना बघा: ऑइल दुधाळ आहे का, टाकीतली पातळी रोज उतरते का, स्टार्ट केल्यावर टाकीत बुडबुडे येत राहतात का, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर धूर आहे का. थंडीत सकाळची वाफ वेगळी, तिला घाबरू नका. यातलं काही नसलं तरी पाणी गेलं कुठे ते शोधा. पाइप, क्लिपा, वॉटर पंप, रेडिएटरचं झाकण. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) अडकलेला आहे का बघा. "काढून टाकू, गाडी गारच राहील" म्हणणारा मेकॅनिक भेटला तर काढू देऊ नका, चांगला असेल तर तोच ठेवा, खराब असेल तर नवा टाका.

नवशिक्या_०७
बुडबुडे नाहीत!! झाकणाचं रबर फाटलेलं निघालं. धन्यवाद दादा.

मोहावीतला_मावळा
इकडे कॅलिफोर्नियात वेगासच्या रस्त्यावर वाळवंटातला लांब चढ आहे, तिथे सरकारी पाटीच लावलेली असते की गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा. पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो. बाहेर ४५ डिग्री. मग काचा खाली करून हीटर फुल लावून चढलो, कारण काटा हलायला लागला होता. हीटर इंजिनची उष्णता आत ओढतो, तेवढंच रेडिएटरला हलकं. बायको-मुलं अर्धा तास भाकरीसारखी भाजली, पण इंजिन वाचलं.

पावतीवाली
इन्शुरन्सच्या आशेवर राहणाऱ्यांसाठी. आमचा क्लेम नाकारला. साध्या पॉलिसीत अपघाताचं नुकसान धरतात, नुसतं तापून इंजिन बसलं ते मेकॅनिकल बिघाडात जातं. आम्ही इंजिनचं वेगळं कव्हरही घेतलं होतं, तरी सर्व्हेअर म्हणाला, दिवा लागल्यावरही चालवलीत, हा तुमचा निष्काळजीपणा. कळलं कसं? नवऱ्याने स्वतःच सांगितलं, कौतुकाने, की लाल दिवा लागूनही मी दहा किलोमीटर आणली. आता फॉर्म मी भरते.

चहाबाज
नवऱ्यांचा या धाग्यावर फार छळ चाललाय. नवऱ्यांसाठी वेगळा धागा काढा.

पावतीवाली
काढा, पण चढावर नको.

खारीबिस्कीट
ह्यांनी धागा वाचला. म्हणतात, "तेव्हा हेळवाक चारच किलोमीटर होतं." अजून तेच! शेजाऱ्यांचं अपडेट: क्लिप ढिली होती, दोन-अडीचशे रुपयांत काम झालं.

ऊसकरी
ताई, सगळं सांगितलं, पण फणसाचं काय झालं?

खारीबिस्कीट
मेकॅनिककडेच फोडला की. पूर्ण दिवस तिथेच काढायचा होता. हाताला लावायला खोबरेल कुठे मिळेल विचारलं, तर त्याचा पोऱ्या म्हणाला, "काकू, तेल हितं पिंपभर हाय."