गेम सुरू असताना पीसी धाडकन बंद पडतोय, तापमान मात्र आटोक्यात

रेंडरवाला

रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, ६५० वॉटचा गोल्ड रेटिंगचा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा, पाच वर्षं वापरातला), विंडोज ११. जड गेम लावला की दहा-वीस मिनिटांत पीसी एकदम बंद. निळा स्क्रीन येत नाही, हँग होत नाही. पंखे थांबतात आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल' दिसतं. सिनेबेंच (प्रोसेसरला ताण देणारी चाचणी) अर्धा तास चालवलं तरी काही होत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसर ७८ आणि कार्ड ७४ अंशांच्या वर गेलेलं नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद आहे. प्रोसेसर १४२ वॉट, कार्ड ३२०, बाकी सगळं मिळून ६० धरलं तरी सव्वापाचशेच्या आत बसतं, म्हणजे ६५० पुरायला हवेत ना? पीसी आणि मॉनिटर एकाच यूपीएसवर आहेत.

पंखा१२०

पाच वर्षांत प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट सुकली असणार. कूलर काढून नवीन लावा, कॅबिनेटमधली धूळ काढा, मग बघा.

तारजोड

धूळ काढाच, पण पेस्टने हे सुटणार नाही. ५८००एक्सची मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. थेट बंद पडायला तापमान त्याच्याही बरंच वर जावं लागतं. ७८ अंशांवर प्रोसेसर उष्णतेने बंद पडत नाही. शिवाय सिनेबेंच प्रोसेसरला गेमपेक्षा जास्त पिळतं आणि त्यात तुमची मशीन टिकते.

४१ क्रमांकाची नोंद कारण सांगत नाही. विंडोज नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच तिचा अर्थ. ती उघडून 'डिटेल्स' टॅबमध्ये 'बगचेककोड' बघा. शून्य नसेल तर निळा स्क्रीन येऊन गेलेला आहे आणि वाट ड्रायव्हर किंवा रॅमकडे जाते. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज गेली किंवा मदरबोर्ड जागच्या जागी थिजला. तिथेच 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' शून्य आहे ना, तेही बघा; नसेल तर कुणीतरी बटन दाबून धरलं होतं. त्याच वेळेची 'व्हीआ-लॉगर १८' ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद सापडली तर मात्र प्रोसेसरवर संशय घ्या: बायॉसमधलं (मदरबोर्डच्या सेटिंग्जमधलं) ओव्हरक्लॉक, पीबीओ (प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) आणि रॅमचं एक्सएमपी (वाढीव वेग) बंद करून पुन्हा चालवा.

मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं, म्हणजे मॉनिटरला वीज मिळतेय. यूपीएसने दम सोडला असता तर तोही विझला असता. तरी खात्रीसाठी पीसी एकदा थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा.

आता सगळ्यात कामाची खूण. बंद पडल्यावर लगेच पुढचं पॉवर बटन दाबा. काहीच झालं नाही, पण एसएमपीएसच्या मागचं स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केल्यावर मशीन उठली, तर एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटने वीज तोडून स्वतःला कुलूप घातलं होतं.

तुमचा वॉटचा हिशोब चुकलेला नाही, पण तो सरासरीचा आहे. ३०८० सरासरी ३२० वॉट घेतं, पण दृश्य बदललं की काही मिलिसेकंदांसाठी ४५०-५०० वॉटपर्यंत उसळी मारतं. एचडब्ल्यूइन्फो साधारण दर दोन सेकंदांनी वाचन घेतो, त्याला ही उसळी दिसतच नाही. एसएमपीएसला मात्र ती सोसावी लागते. कार्डाच्या कंपनीने मुळात ७५० वॉटची शिफारस केली होती ती उगाच नाही.

लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअरही बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच लाइनवर जगतात. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॉट, म्हणजे जवळपास पूर्ण ताकद. ३८ असतील तर ४५६ वॉट, मग वर '६५०' लिहिलेलं असून उपयोग नाही.

ओसीसीटी (ताण-चाचण्यांचं सॉफ्टवेअर) घेऊन ह्याच क्रमाने चालवा, उघड्या फाइली आधी सेव्ह करून: फक्त प्रोसेसर २० मिनिटं, फक्त थ्रीडी २० मिनिटं, मग दोघांना एकत्र ताण देणारी 'पॉवर' चाचणी. सोबत एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू ठेवा. बंद पडण्याआधीची शेवटची ओळ इथे टाका.

पंखा१२०

मान्य, सिनेबेंचचा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही. कार्डाला दोन वेगळ्या केबल जातात की एकाच केबलची दोन तोंडं लावली आहेत, तेही बघा. आठ पिनांच्या एका जोडणीला १५० वॉटचा हिशोब असतो. एकाच केबलवर दोन्ही तोंडं लावली की सगळा भार त्याच तारांवर येतो आणि व्होल्टेज घसरतं. बोर्डावरचा प्रोसेसरचा आठ पिनी प्लगही काढून, 'खट्' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.

रेंडरवाला

सगळं करून पाहिलं. बगचेककोड ०, टाइमस्टॅम्प ०, व्हीआची नोंद नाही. थेट सॉकेटवरही तेच. ओसीसीटीमध्ये प्रोसेसर २० मिनिटं आणि थ्रीडी २० मिनिटं व्यवस्थित. 'पॉवर' चाचणीत चौथ्या मिनिटाला बंद. पुढचं बटन दाबून काहीच होत नव्हतं, मागचं स्विच बंद-चालू केल्यावरच सुरू झाला. लॉगच्या शेवटच्या ओळीत १२ व्होल्टच्या जागी ११.७१. लेबलवर ५४ अँपिअर. आणि हो, कार्डाला एकाच केबलची दोन तोंडं लावलेली होती. वेगळ्या दोन केबल जोडल्यावर 'पॉवर' चाचणी चारऐवजी पस्तीस मिनिटं टिकली, मग पुन्हा तसाच बंद.

तारजोड

उत्तर मिळालं. ११.७१ मर्यादेत आहे (पाच टक्के सूट धरली तर ११.४० पर्यंत चालतं), त्यामुळे व्होल्टेज हळूहळू खचत जाऊन बंद पडण्याचा हा प्रकार नाही. चारऐवजी पस्तीस मिनिटं लागली, याचा अर्थ एसएमपीएस अगदी काठावर चालतोय आणि तापत गेला की उसळी सोसेनासा होतो. मागच्या जाळीशी हात धरून बघा. हवा चटका देईल इतकी गरम असेल, किंवा बाहेरच येत नसेल, तर खालच्या बाजूची धूळजाळी साफ करा आणि त्याचा पंखा फिरतोय का पाहा. एसएमपीएस उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

निदान पक्कं करायला आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग्जचं सॉफ्टवेअर) कार्डाचं पॉवर लिमिट ७८ टक्के करा, म्हणजे २५० वॉट. त्यावर 'पॉवर' चाचणी तासभर टिकली तर दुसरा कुठलाही भाग बदलायची गरज नाही. नवीन एसएमपीएस येईपर्यंत गेमही त्याच लिमिटवर खेळा आणि एफपीएसला (सेकंदाला किती फ्रेम, त्याला) मर्यादा घाला. लोडिंग आणि मेन्यूच्या स्क्रीनवर फ्रेम मोकाट सुटतात, तिथे उसळ्या जास्त येतात.

रेंडरवाला

७८ टक्क्यांवर दोन तास चालवलं, बंद पडला नाही. ८५० वॉट घेऊ का? जुन्याच केबल वापरल्या तर चालतील?

तारजोड

८५० घ्या, एटीएक्स ३.० किंवा त्यानंतरच्या मानकाचा. त्या मानकात रेटिंगच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसायची अट आहे. तुमची अडचण नेमकी तीच आहे.

जुनी एकही केबल ठेवू नका. कार्डाच्या आणि बोर्डाच्या बाजूची टोकं सगळीकडे सारखी असतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही. प्लग बरोबर बसतो आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन हार्ड डिस्क, एसएसडी जळतात. साटाच्या (डिस्कना वीज देणाऱ्या) केबलसुद्धा नव्या बॉक्समधल्याच लावा.