थंडीत सकाळी पीसी लागत नाही : एसएमपीएस गेला की मदरबोर्ड?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. दुकानातला पीसी आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि थोडं फोटोचं काम चालतं. आय-५ १०४००, बी४६० बोर्ड, ८-८ जीबीचे दोन रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (वेगळी पॉवर केबल न लागणारं), एक एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला, वर ४५० वॅट लिहिलंय, पाच वर्षं झाली. मागे ६०० व्हीएचा यूपीएस.

थंडी पडल्यापासून सकाळी बटण दाबलं की सीपीयूचा पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. चार-पाच वेळा दाबल्यावर लागतो, मग दिवसभर चालतो. दुपारी बंद करून पुन्हा लावला तर पहिल्याच झटक्यात लागतो. आठ दिवसांपासून जड फोटो एक्स्पोर्ट करताना मधूनच बंद पडतो. निळी स्क्रीन नाही, काही नाही, थेट अंधार. पीसी बंद असतानाही लॅनचा लाइट पेटलेला दिसतो.

दुरुस्तीवाल्याने हिरवी-काळी वायर जोडून पाहिली, एसएमपीएसचा पंखा फिरला. म्हणून एसएमपीएस चांगला आणि बोर्ड गेला असं त्याचं म्हणणं. नवीन बोर्ड घ्यावा का? घरी मल्टिमीटर आहे.

पांझरा (धुळे)

भाऊ, घाई कसाले? बोर्डाचे पैसे अजून काढू नका.

हिरवी-काळी जोडून पंखा फिरला याचा अर्थ एवढाच की काहीही लोड नसताना एसएमपीएस चालू होतो. पंख्याला लागतात दोन-तीन वॅट. तुमचं मशीन सुरू होतानाच १ टीबीची डिस्क फिरायला लागते, ती एकटी त्या क्षणी १२ व्होल्टवर दीड-दोन अँपियर ओढते. सीपीयू आणि कार्ड वेगळेच. या चाचणीत नापास झालेला एसएमपीएस बहुधा गेलेला असतो, पण पास झालेला चांगलाच असतो असं नाही.

‘थंडीत लागत नाही, तापला की लागतो’ हे लक्षण बहुतेक वेळा म्हाताऱ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या डबीचं) असतं. आतलं द्रव सुकत गेलं की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. चार-पाच वेळा बटण दाबताना कपॅसिटर थोडा तापतो, रोध उतरतो, मशीन लागतं. यात पहिला बळी असतो स्टँडबाय भागाचा, म्हणजे जांभळ्या वायरवरच्या ५ व्होल्टचा. पीसी बंद असला तरी भिंतीवरच्या बोर्डाचं स्विच चालू आहे तोवर हा भाग चोवीस तास राबतो. तुमचा लॅन लाइट त्याच्यावरच जळतो. दर १० अंश तापमान वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात कॅबिनेटच्या आत काय होत असेल, ते सांगायला नको. मार उन्हाळ्यात बसतो, दिसतो हिवाळ्यात.

आता मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला किंवा मोकळ्या मोलेक्सच्या (चार पिनच्या जुन्या कनेक्टरच्या) काळ्या वायरीत. २४ पिनचा कनेक्टर बोर्डातच राहू द्या, लाल प्रोब मागून, वायर जिथून आत शिरते तिथून सरकवा. टोक दोन पिनांना एकदम लागलं तर जे चांगलं आहे तेही जाईल, तेव्हा हात स्थिर.

सकाळी पीसी गार असतानाच हे आकडे घ्या. जांभळी (पिन ९) बंद अवस्थेत, आणि मग बटण दाबताना. हिरवी (पिन १६, बोर्ड जिच्यावरून एसएमपीएसला ‘चालू हो’ सांगतो) बंद असताना किती, आणि बटण दाबल्यावर शून्याजवळ येते का. करडी (पिन ८), म्हणजे पॉवर-गुड (सगळे व्होल्ट ठीक असल्याची खूण), चालू झाल्यावर ५ च्या आसपास थांबते का, ती ०.१ ते ०.५ सेकंदात वर यायला हवी. मशीन लागलं की पिवळी (१२), लाल (५) आणि नारिंगी (३.३). हे आधी रिकाम्या डेस्कटॉपवर आणि नंतर एक्स्पोर्ट चालू असताना.

चालणारी हद्द : १२ व्होल्टला ११.४० ते १२.६०, ५ ला ४.७५ ते ५.२५ (जांभळीलाही हेच), ३.३ ला ३.१४ ते ३.४७. निळी उणे १२ असते, तिला १० टक्के सूट आहे, तिच्याकडे फार पाहू नका.

एसएमपीएसच्या लेबलावर १२ व्होल्टसमोर किती अँपियर लिहिलेत तेही कळवा. ४५० हा आकडा विसरा.

वाघूर (भुसावळ)

पांझराभाऊंच्या यादीत माझी भर. मोजण्याआधी दोन फुकटच्या शंका फेडा. समोरच्या बटणाची वायर बोर्डावरून काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा. तरीही अर्धाच फेरा झाला तर बटण निर्दोष. दुसरं, मागचे-पुढचे सगळे यूएसबी काढून एकदा लावून पाहा. पिन वाकलेला यूएसबी पोर्ट किंवा चेपलेली केबल ५ व्होल्ट खाली ओढते आणि लक्षण हुबेहूब असंच दिसतं.

आणि नवीन एसएमपीएस लावण्याआधी बोर्ड शॉर्ट नाही ना, हे बघाच. वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा सीपीयूचा ८ पिन (किंवा ४ पिन) कनेक्टर काढा, ग्राफिक्स कार्डही काढा. मीटर ओहमवर, बोर्डाच्या त्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंडची पिन. क्लिपच्या बाजूची रांग १२ व्होल्टची, दुसरी रांग ग्राउंडची. आकडा हळूहळू चढत शेकडो-हजारो ओहमवर थांबला तर ठीक. दोन-चार ओहम किंवा शून्य आलं तर सीपीयूच्या पॉवर भागातलं मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट आहे. तिथे कितीही चांगला एसएमपीएस लावा, तो स्वतःला वाचवायला लगेच बंद होणार आणि तुम्ही म्हणणार नवीनही खराब निघाला.

बोरीकाठ

आज सकाळी साडेआठला मोजलं, दुकान चांगलंच गार होतं.

जांभळी बंद असताना ४.९१. बटण दाबताच ४.२ पर्यंत पडते, पंखा थांबला की परत ४.९. हिरवी बंद असताना ४.६, बटण दाबल्यावर ०.१, मग पुन्हा वर. करडी वर येतच नाही. पाचव्या वेळी लागला तेव्हा करडी ४.८. नुसत्या डेस्कटॉपवर पिवळी ११.७०, लाल ५.१२, नारिंगी ३.३१. एक्स्पोर्ट लावल्यावर पिवळी ११.१८ आणि मिनिटभरात बंद. बटण आणि यूएसबी काढून पाहिलं, फरक नाही. सीपीयू सॉकेटवर ओहम चढत जाऊन हजाराच्या वर थांबले.

लेबलावर १२ व्होल्ट १६ अँपियर.

पांझरा (धुळे)

मग बोर्ड निर्दोष सुटला. बटण दाबल्यावर बोर्ड हिरवी वायर खाली ओढतोय, म्हणजे त्याचं काम तो करतोय. पुढे जांभळी ४.७५ च्या खाली जाते आणि करडी येत नाही, म्हणून सगळं मागे फिरतं. दोष एसएमपीएसचाच. मीटरला तरंग (व्होल्टमधली बारीक थरथर) दिसत नाहीत हेही लक्षात ठेवा. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत आणि ५ वर ५० पर्यंत तरंग चालतो, त्याहून जास्त असला तरी मीटर निवांत ११.७० दाखवत राहतो. तुमच्याकडे सरासरीच पडतेय, त्यामुळे ऑसिलोस्कोपची गरज नाही.

एक्स्पोर्टला बंद का पडतो ते लेबलातच आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आय-५ १०४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी टर्बोमध्ये (वाढीव वेगात) काही सेकंद तो १३४ पर्यंत जाऊ शकतो. १६५० स्लॉटमधून ७५ पर्यंत घेतं, त्यातले ६६ पर्यंत १२ व्होल्टचे. पंखे, डिस्क धरून २० समजा. झाले २२०. नवीन असतानासुद्धा तो क्षमतेच्या टोकालाच पळत होता. असल्या एसएमपीएसमध्ये ४५० हा आकडा बऱ्याचदा सजावटीपुरता असतो.

घेताना ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का), ४५० ते ५५० वॅट, आणि १२ व्होल्टवर किमान ३० अँपियर. लेबलावर १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली एकत्र वॅट दिलेले असतात ते वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (आत येणारी वीज आधी सावरून घेणारं सर्किट) असावा. रब्बीत विहिरींच्या मोटारी चालू झाल्या की ज्यांच्या लाइनवर दाब १६०-१७० वर येतो, त्यांना हा फरक लगेच जाणवेल. २०० ते २४० वाला तिथे धाप टाकतो. जुन्या मालात मागे ११५/२३० चं लाल स्विच असतं. ते चुकून ११५ वर गेलं की मोठा आवाज होतो आणि विषय संपतो.

जळगावच्या गोलाणी मार्केटला जाणार असाल तर जुना सोबत न्या आणि वजन करून बघा. हजाराच्या आतला डबा हातात हलका लागतो. पुरावा नाही, पण इशारा पुरेसा.

गिरणाकाठ (भडगाव)

एवढं कशाला? स्टँडबायचे दोन कपॅसिटर बदला, एक १००० मायक्रोफॅरड १० व्होल्ट, आणि प्रायमरी बाजूचा तो छोटा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा. १०५ अंशवाले घ्या. पन्नास रुपयांत काम.

पांझरा (धुळे)

निदान बरोबर आहे, गिरणाभाऊ. टीव्हीच्या सप्लायला मीही हेच सुचवलं असतं. पण इथे दुरुस्त करून हाती काय येणार? तोच १९२ वॅटचा डबा, आणि लोडखाली ११.१८ तसंच. शिवाय आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असेल तर ३८० ते ४००. प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात, आणि निचऱ्याचा रेझिस्टर जळाला असेल तर बराच काळ. ज्याने कधी उघडला नाही त्याने झाकणाचे स्क्रू बघूच नयेत.

फ्यूज उडालेल्या एसएमपीएसचंही तेच. नवीन फ्यूज टाकला की तोही उडतो, कारण मागे ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा मॉसफेट शॉर्ट असतं. न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आत आले की हेच दिसतं.

वाघूर (भुसावळ)

बसवायचं. आधी जुन्या जोडण्यांचे दोन-तीन फोटो काढा. मागचे चार स्क्रू काढताना एका हाताने एसएमपीएस धरा, वर बसवलेला असेल तर तो थेट सीपीयू कूलरवर पडतो.

नवीन मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) घेतला तर त्याच्यासोबतच्याच केबल वापरा. डिस्कला वीज देणारी जुनी सॅटा केबल ‘फिट बसते’ म्हणून लावणं ही सर्वात महागडी चूक. डिस्कच्या टोकाला मांडणी ठरलेली आहे, एसएमपीएसच्या टोकाला प्रत्येक कंपनीची वेगळी. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही जातात, डेटासकट. मोलेक्सवरून सॅटा करणारे ओतीव प्लास्टिकचे अडॅप्टरही टाळा, आतल्या वायरी एकमेकींना टेकून पेट घेतात.

सीपीयूचा कनेक्टर ४+४ असा फुटतो, ग्राफिक्सचा ६+२. दोन्ही आठ पिनचे दिसतात, पण खाचांचे आकार वेगळे. जोर लागत असेल तर तुम्ही चुकीचा घुसवताय. एसएमपीएस खाली बसणारं कॅबिनेट असेल तर सीपीयूची केबल बोर्डामागून वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचते का, हे दुकानातच बघा. स्वस्त मालात ती आखूड पडते.

पंख्याचं तोंड कुठे? खाली जाळी आणि फिल्टर असेल तर खाली. नसेल, किंवा कॅबिनेट फरशीवर असेल, तर वर. जिनिंगच्या आसपास दुकान असेल तर हंगामात कापसाचे तंतू पंख्यात नमद्यासारखे बसतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने किंवा काडीने अडवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं.

पहिल्यांदा लावताना फक्त बोर्ड, सीपीयू, एक रॅम. डिस्प्ले कार्डाशिवाय, तुमच्या १०४०० मध्ये आतलं ग्राफिक्स आहे. मग एकेक जोडा.

यूपीएसचं : ६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॅट. हे मशीन पूर्ण जोरात भिंतीतून तीनशेच्या आसपास घेईल, म्हणजे काठावर बसतं. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स त्यावर अजिबात नको. आणि स्वस्त यूपीएसची लाट चौकोनी असते, काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस लाइट गेल्याच्या क्षणी तिच्यावर रुसतात. बसवल्यावर दोन-तीनदा भिंतीचं बटण बंद करून तपासा, तेही फाइल सेव्ह करून.

बोरीकाठ

समजलं, ५५० चा आणतो. अजून एक. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. नवीन एसएमपीएसने जाईल ना?

वाघूर (भुसावळ)

नाही, नवीन लावला तरी येतील. एसएमपीएसच्या इनपुटला फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसली की धातूचा सांगाडा साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो, करंट अगदी थोडा, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात.

मीटर एसी ७५० वर घ्या. भिंतीवरच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी आलं तर खड्ड्यापर्यंत वायर पोचतच नाही, किंवा खड्डा कोरडा आहे. वायरमनला बोलवा, खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घाला, उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर. तोवर अर्थची पिन कापलेली किंवा दोन पिनी एक्स्टेंशन वापरू नका, आणि न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो म्हणणाऱ्याला दुकानात शिरू देऊ नका.