बीपीची गोळी चालू असताना गुडघ्यासाठी दुखीची गोळी: सूज नेमकी कशाची?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आई-आबा पारोळ्याजवळच्या गावी. आबा 64 वर्षांचे, तीन वर्षांपासून बीपीची ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, रोज सकाळी एक.

दिवाळीत गेलो तर त्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटलेला. घोट्यावर बोट दाबलं, खड्डा पडला तो बराच वेळ भरेना. खोदून विचारल्यावर कळलं, कापूस वेचून गुडघे धरतात म्हणून मेडिकलवरून सुट्या गोळ्या आणतात. पट्टीवर डायक्लोफेनॅक लिहिलेलं. दोन्ही गोळ्या एकदम गरम पडतात म्हणून त्या दिवसांत बीपीची बंद! वर म्हणतात, "दोन दिन गोयी लिधी नही, माले काहीच व्हयनं नही."

पोटात धस्स झालं. मग बसून वाचलं. ॲम्लोडिपिनचं अर्धायुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) 30 ते 50 तास, म्हणजे दोन दिवस चुकली तरी निम्म्याच्या आसपास औषध अंगात उरतंच. आबांना काही जाणवत नाही ते त्यामुळे. आठवडाभर बंद ठेवली की असर जवळपास संपतो, आणि चढलेलं बीपी बहुतेकदा कळतही नाही.

दुखीच्या गोळीचं मला जास्त भ्या वाटतं. ती प्रोस्टाग्लँडिन (दुखणं वाढवणारे अंगातलेच पदार्थ) बनू देत नाही, म्हणून ठणका थांबतो. पण मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा नीट ठेवायलाही तेच लागतात. ते घटले की मीठ-पाणी अंगात साठतं, सूज येते, बीपी वाढतं. आता घोळ असा की ॲम्लोडिपिननेही घोटे सुजतात: बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या नाही, मग पाणी बाहेर झिरपतं.

मग ही सूज कुठल्या गोळीची, हे डॉक्टर कसं ठरवतात? क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासा असं मी स्वतःहून म्हणावं का? पुढच्या आठवड्यात धुळ्याला नेतोय. तोवर डायक्लोफेनॅक बंद करायला लावलंय, बीपीची गोळी आई रोज समोर उभी राहून देते.

काल फोनवर त्यांना सांगितलं, काळ्या रानात पाणी भरल्यावर दोन दिवस ओल टिकते तशी ही गोळी. पण पाळी चुकत गेली तर पीक सुकणारच. ते त्यांना पटलं. जरा थांबून म्हणाले, "मंग गुडघासले काय करू?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. पॅरासिटामॉल, वरून लावायचं जेल, मांडीचे व्यायाम असं वाचलंय. बीपी असलेल्या, शेतात राबणाऱ्या माणसाला यातलं खरंच काय लागू पडलं? कुणी डॉक्टर, फार्मासिस्ट असाल किंवा घरात हेच चालू असेल तर कृपया लिहा.